बुरुजातला लगाम

ज्या कुणाला ठाऊक होतं, त्यानं सांगायला हवं होतं. चार शब्द पुरले असते. अंगणात उभं राहून, हातातलं काम न सोडता सांगता आलं असतं. पण ज्याला ठाऊक होतं त्यानं तोंड मिटून घेतलं, आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं ते सगळे बोलत सुटले. आणि वर कुणी असंही म्हणावं की आम्हाला विचारलं कुठं? पोर विहिरीच्या काठावर चालताना दिसलं, तर त्यानं विचारेपर्यंत थांबायचं असतं का?

असो. झालं ते सरळ सांगतो. दिवा तेवढा इकडे सरकवा.

दोन हजार सहा साल, फेब्रुवारीतला रविवार. बुद्धभूषण सकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून चांदवडची एसटी पकडून निघाला, तेव्हा त्याच्या पिशवीत मोजपट्टी, जुनी वर्तमानपत्रं आणि आईनं दिलेला भाकरीचा डबा, एवढंच होतं. काम साधं होतं. सावरधार किल्ल्याच्या पायथ्याच्या वाडीत एक लोखंडी वस्तू ठेवलेली होती, ती नाशिकला आणायची.

बुद्धभूषण पंचवीस वर्षांचा. पुरातत्त्व घेऊन एम. ए. झालेला आणि नाशकातल्या एका छोट्या खासगी संग्रहालयात वर्षभराच्या करारावर लागलेला. गडकिल्ल्यांवर सापडलेल्या, कुणालाच न ओळखू आलेल्या धातूच्या वस्तू ओळखायच्या, त्यांची नोंद करायची, हे त्याचं काम. कांद्याच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरून ठेवलेल्या त्या वस्तूंवर त्याचा जीव होता. लोक गडावरून काहीतरी गंजकं उचलून आणत आणि छातीठोकपणे सांगत की हे शस्त्र आहे. बुद्धभूषण ते हातात घेई, वास घेई, उलटसुलट करी आणि सांगे, "बैलगाडीच्या आखाची खीळ आहे." आणणाऱ्याचा चेहरा पडे. साधी वस्तू कुणालाच नको असते. बुद्धभूषणला मात्र साधीच हवी असे. राजांचं सगळे लिहितात, ज्यानं गाडी हाकली त्याचं कोण लिहिणार, असं तो म्हणायचा. आणि फार मोठ्यानं म्हणायचा.

ही वस्तू ललितच्या मंडळींना सापडली होती. ललित बँकेत कारकून, आणि सुट्टीच्या दिवशी पन्नास-साठ पोरं घेऊन किल्ले साफ करणारा. सावरधारचा पूर्वेकडचा बुरूज साफ करताना एक दगड निखळला. मागे हातभर पोकळी निघाली, आणि त्या पोकळीत हे. ललितनं बघताक्षणी जाहीर केलं, "घोड्याच्या लगामाचं कडियाळ!" कडियाळ म्हणजे घोड्याच्या तोंडात बसतो तो लोखंडी भाग. बुधवारी त्याचं प्रदर्शन उघडायचं होतं आणि पाटीही छापायला निघाली होती: 'सरदाराच्या घोड्याचा लगाम'.

"मी बघितल्याशिवाय छापू नकोस," बुद्धभूषण फोनवर म्हणाला होता.

"मंगळवारी रात्रीपर्यंत सांग. नाहीतर माझं मी छापतो. तुला काय, लगामातसुद्धा अन्याय दिसेल."

वाडीत वस्तू पुंजारामकडे होती. रांगडा कांदा काढणीला आलेला, सगळ्या वाडीवर त्याचा उग्र वास. पुंजारामनं गोठ्यातून गोणपाटाची गुंडाळी आणून दिली.

"घरात नाय ठिवली, सर. म्हातारी ठिवू देत नाय."

म्हातारी म्हणजे त्याची चुलती, भागीबाई. ऐंशी ओलांडलेली. अंगणात बसून कांद्याची पात कापत होती. बुद्धभूषणनं तिथंच गोणपाट उलगडलं.

अर्ध्या वितीची, अर्धगोल वाकवलेली लोखंडी पट्टी. दोन्ही टोकांना बिजागरीवर हलणाऱ्या दोन बाह्या, मागे एकमेकींत अडकणाऱ्या. आणि कमानीच्या मधोमध आतल्या अंगाला वळलेली एक चपटी जीभ, तीन बोटं लांब. बाहेरून सगळं गंजानं खाल्लेलं. पण ती आतली जीभ स्वच्छ होती. रोज वापरातल्या पळीसारखी. त्यानं सवयीनं नाकाशी नेलं. लोखंडाचा वास नव्हता तो. बरेच दिवस न उघडलेल्या तोंडाला येतो, तसा होता.

मान वर केली तर भागीबाईचा विळा थांबलेला. तिनं पदर तोंडावर धरला होता.

"कोणाचा रं तू?"

बुद्धभूषणनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आडनावावरून गावात लोक काय ओळखतात ते त्याला माहीत होतं, म्हणून जरा तोऱ्यातच सांगितलं.

म्हातारीनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"तुला बहीण हाय का?"

"आहे की, आजी. धाकटी. का, सोयरीक बघताय?"

पुंजाराम हसला. भागीबाई हसली नाही. विळा टाकून ती उठली आणि भिंतीला धरत आत निघून गेली.

साक्षी एकोणीस वर्षांची. एस. वाय. बी. ए. पण कॉलेजात तिला ओळखत ते तिच्या आवाजानं. दोन वर्षांत अकरा वक्तृत्व स्पर्धा जिंकलेली मुलगी. मंगळवारी आंतरमहाविद्यालयीन अंतिम फेरी होती. जिंकली तर पुण्याला राज्य पातळीवर जायचं. पुढे वकील व्हायचं हे तिचं केव्हाच ठरलेलं. कॉलनीत पाण्याचा टँकर आला नाही की बायका नगरसेवकाकडे तिलाच पुढे घालून नेत. वडील गेल्यापासून आई, लताबाई, दवाखान्यात आयाचं काम करून दोघांना शिकवत होती आणि आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या घरात दोन गोष्टी हाएत, पोराचं डोकं नि पोरीचं तोंड."

रविवारी संध्याकाळी आई ड्युटीवर होती. गच्चीवरून साक्षीच्या तालमीचा आवाज येत होता, 'अध्यक्ष महोदय, हे धरण कुणाचं आणि पाणी कुणाचं?' खाली बुद्धभूषण टेबलावर वाकला होता.

त्यानं पट्टी मोजली. कमान पावणेतीन इंच रुंद. घोड्याचं कडियाळ पाच इंचांच्या आसपास असतं. तट्टाचंही चारच्या खाली जात नाही. शेळीला लगाम कुणी घालत नाही. आणि त्या चपट्या जिभेवर, वर आणि खाली, बारीक खोलगट खुणा होत्या. एका ओळीत, शेजारी शेजारी. घोड्याच्या पुढच्या दातांमागे मोकळी जागा असते, लोखंड तिथं बसतं. हे लोखंड पुढच्या दातांनी चावलेलं होतं.

आणि खरं सांगायचं तर, त्याला आनंद झाला. हा आनंद लक्षात ठेवा. त्याला वाटलं, सापडलं! हे माणसाच्या तोंडासाठी केलेलं आहे. ज्यांच्या तोंडात हे घातलं, त्यांचं कुणी लिहिलं नाही, मी लिहिणार. सरदाराचा लगाम म्हणे! ललितच्या त्या प्रदर्शनात, त्याच्या मंडळींच्या झेंड्यांच्या खाली, मी खरी पाटी लावणार.

पण ललितला नुसतं बोलून पटणार नव्हतं. फोटो हवा होता. त्यानं वस्तू पातेल्यात उकळली, स्पिरिटनं पुसली आणि आरशासमोर स्वतःच्या तोंडात धरली. त्याचा जबडा मोठा; कमान गालांना अडली. लहान तोंड हवं. बाईचं.

"साक्षी! खाली ये जरा."

ती आली. वस्तू बघितली. दोन पावलं मागे सरकली.

"दादा, नको."

"उकळून घेतलंय."

"तसली घाण नाही वाटत. मला ते... नकोच वाटतंय. तू दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"दुसऱ्या कुणाला सांगू? चौकात जाऊन उभा राहू? दोन मिनिटांचं काम आहे."

"आईला येऊ दे मग."

तेव्हा तो चिडला. त्याला कुठलीही गोष्ट उद्यावर गेलेली चालत नसे. म्हणाला, "परवा स्टेजवर उभी राहून अन्यायावर बोलशील, टाळ्या घेशील. आणि इथं एका मेलेल्या बाईसाठी तुला तोंड उघडता येत नाही? मग कशाला ती भाषणं?"

साक्षीचा चेहरा उतरला. मग ती उसनं हसली. "तुझ्या होणाऱ्या बायकोला सांगणार आहे मी, हा माणूस बायकांना लगाम घालतो म्हणून." खुर्चीवर येऊन बसली. डोळे मिटले.

"लवकर काढ हं, दादा."

तिनं तोंड उघडलं.

ते बसलं. ओढावं लागलं नाही, दाबावं लागलं नाही. चपटी जीभ तिच्या जिभेवर सरकली, कमान ओठांवर टेकली आणि बाह्या गालांवरून मागे गेल्या, जशा काही तिच्याच मापानं कुणी घडवल्या होत्या. आणि त्याच वेळी लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ होती, त्यात नवल काही नाही. सगळी कॉलनी काळोखात बुडाली.

बुद्धभूषणचे हात तिच्या मानेमागे होते. अंधारात तो म्हणाला, "हलू नकोस, काढतो." आणि त्याच्या बोटांनी बाह्या सोडवायच्या ऐवजी एकमेकींत अडकवल्या. एक वळसा, मग खाली दाब. खट्... बारीक आवाज झाला. त्याला ती अडकण कशी लावायची हे माहीत नव्हतं. त्यानं ती लावून बघितलेली नव्हती. बोटांना मात्र माहीत होतं.

खोलीत दगडाच्या भुकटीचा आणि ओल्या चुन्याचा वास आला. श्वास ऐकू येत होता, नाकातून, घाईघाईनं. तो साक्षीचा असणार. पण तो खुर्चीतून येत नव्हता. भिंतीकडून येत होता...

त्यानं चाचपडत काडी ओढली, मेणबत्ती लावली. खुर्चीत साक्षी ताठ बसली होती. डोळे उघडे, गालांवरून पाणी वाहतंय. त्यानं ते उलट फिरवलं, सोडवलं, बाहेर काढलं, टेबलावर फेकलं. पुरती दोन मिनिटंही झाली नसतील. फोटो राहूनच गेला.

"दुखलं का? साक्षी? अगं, बोल ना."

तिनं त्याच्याकडे बघितलं. पाणी प्यायली, अर्धं हनुवटीवरून ओघळलं. मग अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडली.

रुसली, असं त्याला वाटलं. सोमवारी दिवसभरही तो तेच मानत राहिला. आईनं विचारलं, तर म्हणाला, "आवाज जपतेय, उद्या स्पर्धा आहे." सोपं होतं मानायला. साक्षी मान हलवायची, घास मागे ढकलून कसाबसा गिळायची. मंगळवारी आपली पांढरी साडी नेसून ती त्याच्या आधी तयार होती. स्पर्धेला जायचं म्हणून तिनंच हातानं खूण केली. बहुतेक तिलाही वाटत असावं की माईकसमोर उभं राहिल्यावर सुटेल.

सभागृह भरलेलं होतं. तिचं नाव पुकारल्यावर तिच्या कॉलेजच्या पोरांनी बाकं वाजवली. ती माईकपाशी आली, नेहमीसारखी साडीचा पदर खोचला, समोर बघितलं. ओठ उघडले. माईकमधून फक्त श्वास आला, नाकातून, घाईघाईनं.

दहा सेकंद. वीस. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "विसरली!" मागे हसू फुटलं. ती हलली नाही. जबडा ताणून, मानेच्या शिरा फुगवून ती उभी राहिली, आणि तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. मग तर सगळेच हसले, तिच्या कॉलेजचेसुद्धा. परीक्षकांनी पाच मिनिटांची घंटा होईपर्यंत वाट बघितली. नियम होता म्हणे. ती पाचही मिनिटं उभी राहिली, आणि पूर्ण पाच मिनिटं तिची नजर तिसऱ्या रांगेतल्या आपल्या भावावर होती.

बुधवारी उजाडता बुद्धभूषण वाडीत पोचला. भागीबाई तिथंच बसली होती, कांद्याच्या ढिगापाशी.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी शिकलेली मान्सं. आमी सांगितलं की हसता." तिनं विळा बाजूला ठेवला. "घातलंस?"

त्यानं मान हलवली.

"तुझ्याच हातानं?"

त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. म्हातारीनं डोळे मिटून घेतले. मग सांगितलं ते हळू, जमिनीकडे बघत.

"गड बांधला तवाचं हाय, सासूनं सांगितलेलं. बुरूज टिकत नव्हता. तीनदा ढासळला. मंग पोर घालायची ठरली. गावकुसाबाहेरची. तुमच्या आडनावाचंच घर व्हतं ते. पर जित्या माणसाला चिणायचं म्हंजी ते मरताना शाप देतं. तो शाप बुरुजाला लागतो, बांधणाऱ्याला लागतो. म्हून जीभ बांधायची. लोहारानं तिचं माप घेऊन केलं ते. पर परक्यानं घातलं तर ते ऱ्हात नाय, सुटतं. भावाच्या हातानं घातलेलं सुटत नाय. बहीण भावाला शाप देत नाय ना... म्हून."

"आणि त्यानं घातलं?"

"त्याला म्हनले, तू घाल, न्हाईतर धाकटीलाबी घालू. घातलं त्यानं."

वारा पडला होता. वर सावरधारचा बुरूज उन्हात स्वच्छ दिसत होता. तिथला एक दगड नव्हता, तेवढा चौकोन काळा.

"पण मी काढलं, आजी! लगेच काढलं. दोन मिनिटांत."

"त्यानंबी काढलं," भागीबाई म्हणाली. "दुसऱ्या दिशी कुनाच्या नकळत गेला. एक दगड सरकवला, हात घातला, काढलं. ती जिती व्हती. म्हनला, बोल बाई, आता बोल, हाक मार, मी समद्यांना गोळा करतो. नाय बोलली. त्यो दिस कलेस्तवर बसला तिथं. नुसता सवास ऐकू यायचा."

"मग?"

"मंग काय. ते तिथंच आत टाकलं नि दगड परत लावला."

बुद्धभूषणनं वर बुरुजाकडे बघितलं. त्यानं विचारलं, ते तिथं पोकळीत परत नेऊन ठेवलं तर... एखादा विधी, काहीही. आयुष्यभर ज्या गोष्टींची त्यानं टिंगल केली होती, त्या सगळ्या त्यानं त्या अंगणात एकेक करून विचारल्या.

"ठिव, नायतर नको ठिवू," म्हातारी म्हणाली. "त्या लोखंडाचं काय काम ऱ्हायलं आता?"

त्या संध्याकाळी प्रदर्शन उघडलं. ललितनं वस्तू मंगळवारी रात्रीच बुद्धभूषणच्या घरी येऊन त्याच्या आईकडून नेली होती. बुद्धभूषण गेला. काचेच्या पेटीत, लाल मखमलीवर, दिव्याच्या झोतात ते ठेवलेलं होतं. खाली पाटी: 'सरदाराच्या घोड्याचा लगाम'. बापलोक पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होते. ललितनं विचारलं, "काय साहेब, हरकत आहे का?" बुद्धभूषणनं पाटी वाचली. त्याला माहीत असलेलं सगळं त्याच्या घशापर्यंत आलं. त्यानं "नाही" म्हटलं आणि बाहेर पडला.

शुक्रवारी तो साक्षीला घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, जीभ चमच्यानं दाबून बघितली. सूज नाही, जखम नाही, काहीच नाही. जबड्याचा एक एक्स-रे काढून घ्या, म्हणाले. कुठे नस दबली असली तर कळेल. एक्स-रे शेजारच्याच गल्लीत होता. वाटेत बुद्धभूषण साक्षीला बाहेर उभी करून प्रदर्शनाच्या हॉलमध्ये डोकावून आला. ते जागच्या जागी होतं, काचेत, कुलुपात. बघून आल्यावर त्याला जरा बरं वाटलं. काही असो, ते तिथं आहे, आणि ती इथं.

साक्षी आत गेली. तो बाहेर बाकावर बसला. दार बंद झालं, लाल दिवा लागला, विझला. परत लागला. परत विझला. तिसऱ्यांदा लागला नाही. दार अर्धवट उघडून फोटो काढणारा माणूस बाहेर डोकावला. मध्यमवयीन, घामाघूम, जेवणाची वेळ टळल्यानं वैतागलेला. हातात ओली फिल्म होती. आत, त्याच्या खांद्यामागे, साक्षी स्टुलावर बसलेली दिसत होती.

"ह्यांच्याबरोबर कोण आहे? तुम्ही का? अहो, दोन फिल्म फुकट गेल्या माझ्या. मघापासून सांगतोय, तोंडातलं ते लोखंड आधी काढून ठेवा, तर ह्या नुसत्या बाहेर तुमच्याकडं बोट दाखवताहेत. चावी तुमच्यापाशी आहे का त्याची?"